हिच्या माघारी सहा आठवडे

३ मार्च, सोमवार

हिला काल इस्पितळात पोचवून आलो. मणक्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं असतं, पण त्यानंतर चालायचं की नाही ते पेशंटने ठरवायचं असतं. मी म्हटलं, असं कसं? ते म्हणाले, असंच. तिथून सुटल्यावर ही मेव्हणीकडे राहणार, कारण मेव्हणीचं घर तळमजल्यावर आहे आणि आमचं दुकानाच्या डोक्यावर.

जाताना हिने कॅलेंडरवर १४ एप्रिलला लाल गोल केला. "सहा आठवडे तुम्ही चालवून दाखवा. जमलं तर ठेवू. नाही जमलं तर मी जिमवाल्याला हो म्हणते." जिमवाला म्हणजे शेजारच्या व्यायामशाळेचा मालक. त्याला मधली भिंत पाडून आमच्या जागेत धावायची यंत्रं लावायची आहेत. परवाच टेप घेऊन आला आणि सगळं मोजून गेला. मी स्टुलावर बसलो होतो, तर मला बाजूला व्हा असंही म्हणाला नाही, माझ्यावरूनच टेप नेली.

दुकान म्हणजे गुत्ता. हिच्यासमोर हा शब्द उच्चारायची सोय नाही. तिच्या वडिलांनी सुरू केलेला आहे, त्यामुळे "पब म्हणा, बार म्हणा, नाहीतर नुसतं दुकान म्हणा" असा हुकूम आहे. पण डायरी माझी आहे.

मी एकतीस वर्षं लिफ्ट-तपासनीस होतो. कामावरून सुटलो की इथे, काउंटरच्या डाव्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर, हिच्याकडे तोंड आणि बाकी जगाकडे पाठ. आधी गिऱ्हाईक म्हणून बसायचो, मग नवरा म्हणून. आमचा संसार झाला तो काउंटरच्या दोन बाजूंनी. वर घरात समोरासमोर बसलो की दोघांनाही काही सुचत नाही, कुणीतरी उठून भांडी लावायला लागतं. गुत्ता गेला तर आम्ही बोलायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. हे तिला सांगितलेलं नाही.

५ मार्च, बुधवार

ऑपरेशन नीट झालं. मेव्हणीचा फोन आला होता.

इथे दोन दिवसांत तीन ग्लास फुटले आणि पिंपाला नळ लावताना बिअरने मला आंघोळ घातली. ग्लासात निम्मा फेस येतो. डेंटिस्ट म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, हे चमच्याने खायचं का?" हे डेंटिस्ट समोरच्या इमारतीत दात काढतात आणि रोज साडेपाचला येतात. मी हसण्यावारी नेलं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसली. इथे सेवा अशी काही नाहीच. हिला कुणी नमस्कार केला तर ही "बसा" म्हणते, तेही फडक्याकडे बघून. कुणाला काय हवं ते विचारत नाही, आणून आदळते. इतकी वर्षं हे कसं चाललं देव जाणे. लिफ्टची तपासणी करताना आम्ही दार, दोर, ब्रेक, घंटी असं क्रमाने बघायचो. तशीच गुत्त्याची तपासणी करायचं ठरवलं आहे.

७ मार्च, शुक्रवार

तपासणी पूर्ण. एकूण दोष चव्वेचाळीस. त्यातला सर्वांत ढळढळीत: ग्लासाखालच्या चकत्या. बुचाच्या आहेत, जाड, काळ्या पडलेल्या, काहींना दातांच्या खुणा. आणि लोक त्या ग्लासाखाली ठेवतच नाहीत! डेंटिस्ट ग्लासावर झाकण घालावं तशी वर ठेवतात. माशांच्या भीतीने असेल. माशा नाहीत, मी तपासलं. घड्याळजी आपली चकती ग्लासाला टेकवून उभी करून ठेवतात, ताटलीसारखी. पलीकडच्या टेबलावरही तेच. कुणाला कसली शिस्त म्हणून नाही.

हिला फोन केला तर झोपली होती.

१० मार्च, सोमवार

नियमावली लागू केली. स्वच्छ अक्षरात लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे.

एक: गिऱ्हाईक आत आल्यापासून तीस सेकंदांत हसून स्वागत. दोन: दर दहा मिनिटांनी टेबलाशी जाऊन "सगळं ठीक ना? आणखी काही?" तीन: कुणी एकटं बसलं असेल तर त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा, किमान चार वाक्यं.

जुन्या चकत्या कचऱ्यात टाकल्या. नव्या छापून आणल्या, पांढऱ्याशुभ्र कागदाच्या, वर "आमची सेवा कशी वाटली?" असं निळ्या अक्षरांत. शिवाय सहाही टेबलांना लिफ्टमधली धोक्याची घंटी बसवली आहे. निवृत्त होताना काही सुटे भाग घरी आणले होते, ते असे कामी आले. गिऱ्हाइकाला हाक मारायचे कष्ट नकोत.

हिला दोनदा फोन केला. सकाळी झोपली होती, संध्याकाळीही झोपली होती. मेव्हणी म्हणाली, "ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. फिजिओवाली आली की डोळे मिटून घेते." विश्रांती हेच खरं औषध, असं मी तिला समजावलं.

१३ मार्च, गुरुवार

काल डेंटिस्टच्या कोपराचा धक्का लागून घंटी वाजली. तीन माणसं ताडकन उभी राहिली आणि टेलरबाईंच्या मांडीवर अख्खा ग्लास उलटला. टेलरबाई हिची शाळेपासूनची मैत्रीण. मला भावजी म्हणतात. काल मात्र भावजी न म्हणता सरळ फडकं मागितलं.

डेंटिस्ट पुन्हा एकटेच बसले होते, म्हणून नियम तीन लावला. हवा झाली, पाणी झालं, मग विषय संपला तेव्हा मैत्रीचं वातावरण राहावं म्हणून त्यांना माझी खालची दाढ दाखवली. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात बघणारा माणूस, त्याला तेवढीच आवडीची गोष्ट. त्यांनी बघितली. नंतर कागदी चकती घेऊन ग्लासावर ठेवली, ती फेसाला चिकटली, भिजली आणि आत पडली. अर्धी बिअर तशीच टाकून गेले.

जिमवाला एकदम गोड बोलायला लागला आहे. "काका, दमलात? आता थोडेच दिवस." त्याने आशा सोडलेली दिसते.

१४ मार्च, शुक्रवार

टेलरबाईंनी दुकानातला फोन वापरला. कोपऱ्यात वळून, तोंडावर पदर धरून चांगली वीस मिनिटं बोलल्या. मधेच माझ्याकडे बघत होत्या. "नाही गं, दाढ! खरंच दाढ!" एवढं कानावर आलं. कुणाला तरी दाताचा त्रास असावा.

१७ मार्च, सोमवार

हिचा आवाज ऐकला! ऑपरेशननंतर पहिल्यांदा. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट, "घंट्या काढा."

"कसल्या घंट्या?"

"कसल्या म्हणजे? टेबलाच्या! आधी काढा त्या!" आणि फोन आपटला.

नंतर मेव्हणी म्हणाली, फोन पॅसेजमध्ये आहे, आजवर निरोप तीच आत-बाहेर पोचवायची, आज ही तिथपर्यंत भिंत धरून आपली आपण चालत गेली. "आणि भावोजी, तिला हसवू नका फार, टाके दुखतात तिचे." मी कशाला हसवू? मी तर अजून बोललोच नव्हतो. घंट्यांचं तिला कसं कळलं, तेही कळायला मार्ग नाही. औषधांनी माणूस काहीही बरळतं. तरी घंट्या काढल्या. चारच स्क्रू होते एकेकीला.

१९ मार्च, बुधवार

घड्याळजींची तब्येत बरी नसावी. हे गल्लीच्या टोकाला घड्याळं दुरुस्त करतात. मागच्या वर्षी बायको गेली, मुलं लांब आहेत. काल आले, ग्लास घेतला, आणि कागदी चकती ग्लासाला टेकवून उभी करायचा प्रयत्न केला. पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. असं तीनदा. केसाएवढा स्क्रू फिरवणारे हात, आणि एक कागद उभा राहीना. वय कुणाला सुटलंय? मी तत्परतेने गेलो, चकती नीट आडवी केली, वर ग्लास ठेवून दिला आणि "आणखी काही?" विचारलं. ते म्हणाले, "नाही. काही नाही."

पाच मिनिटांत उठून गेले. शेजारच्या टेबलावर टेलरबाई आणि आणखी चौघं हसतखिदळत होती, पण यांना कुणी बोलावलं नाही. हिच्या वेळी घड्याळजींच्या टेबलावर कायम कुणी ना कुणी असायचं. लोक फार बदलले.

२५ मार्च, मंगळवार

पाच दिवस लिहावंसं वाटलं नाही. घड्याळजी आलेच नाहीत. डेंटिस्ट येतात ते उभ्याउभ्या पिऊन जातात, दाराजवळ, मी पोचायच्या आत. काल सहा वाजता दुकानात मी धरून तीन माणसं होती. नियमावली तंतोतंत पाळतो आहे. तीस सेकंदांत स्वागत करतो, पण स्वागत करायला आत कुणी आलं तर पाहिजे ना. गालफडं दुखतात हसून.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते आहे. वीस दिवस राहिले. जिमवाला आरसे कुठे लावायचे ते ठरवायला एका माणसाला घेऊन आला होता.

२६ मार्च, बुधवार

काल टेलरबाईंनी माझी बिनपाण्याने केली.

दुकान रिकामंच होतं. मी टेबलाशी जाऊन विचारलं, "सगळं ठीक ना?" त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"भावजी, बसा."

"मी ड्यूटीवर आहे."

"बसा म्हणते ना! एकतीस वर्षं इथे येताय तुम्ही. चकत्या कधी बघितल्यात?"

"बघितल्या म्हणून तर बदलल्या. घाणेरड्या होत्या."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग लहान मुलाला अक्षरं शिकवावीत तसं शिकवलं. चकती ग्लासाखाली, म्हणजे माझं माझं चाललं आहे. चकती ग्लासावर झाकली, म्हणजे आज मला कुणी बोलवू नका. चकती टेकवून उभी केली, म्हणजे कुणीतरी येऊन बसा. हिच्या वडिलांच्या काळापासूनची पद्धत. तोंडाने सांगायला माणसाला लाज वाटते म्हणून. ही नुसती फडकं मारत फिरायची आणि कुणाची उभी दिसली की दुसऱ्या कुणाचा तरी ग्लास उचलून त्या टेबलावर नेऊन आदळायची. ज्याचा ग्लास, तो मागोमाग जायचा. झाली सोबत.

"डेंटिस्ट दिवसभर बडबडतात बिचारे. इथे गप्प बसायला येतात. त्यांना तुम्ही दाढ दाखवलीत."

"आणि घड्याळजी?" मी विचारलं, पण उत्तर मला माहीत झालेलं होतं.

"तुमचा कागद उभा राहत नाही, भावजी."

तीनदा त्या माणसाने माझ्यासमोर सोबत मागितली आणि मी ती आडवी करून वर ग्लास ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही. नियमावली फाडली. फाडताना डिंकाबरोबर रंगही निघाला, तो दोष क्रमांक पंचेचाळीस.

२८ मार्च, शुक्रवार

जुन्या चकत्या कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेल्या. पण वर माळ्यावर माझ्याकडे बूच होतं. लिफ्टच्या मोटारीखाली हादरे बसू नयेत म्हणून बुचाचे जाड थर घालतात, त्याचे दोन चौकोन सुट्या भागांत सापडले. ते काखेत मारून सकाळीच घड्याळजींकडे गेलो.

डोळ्याला भिंग लावून बसले होते. समोर एकही घड्याळ नव्हतं.

"दिसला नाहीत बरेच दिवस."

"काम होतं."

मला माफी मागायची होती. तयारी करून गेलो होतो, चार वाक्यं. त्यातलं एकही आलं नाही. मी बूच त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "गोल कापायचेत. मला जमणार नाही."

त्यांनी ते बोटाने दाबून बघितलं, वास घेतला. "किती हवेत?"

"चाळीस."

"उभे राहणारे?"

"उभेच राहिले पाहिजेत."

मग त्यांनी भिंग काढलं, ड्रॉवरमधून कंपास काढला आणि मला दुसरं स्टूल दिलं. ते आखत होते, मी कापत होतो, माझे कापलेले ते पुन्हा घासून गोल करत होते. बोलायला लागले ते थांबलेच नाहीत. बायकोला भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक सहन व्हायची नाही, म्हणून घरात एकही घड्याळ नव्हतं. आता दुकानातली दोन घरी नेऊन लावली आहेत, आवाजासाठी. मी एकदाही मधे बोललो नाही. कापता कापता बोट मात्र दोनदा कापलं.

दुकान उघडायला तासभर उशीर झाला. बाहेर टेलरबाई आणि डेंटिस्ट पायरीवर बसून होते. मला बघून दोघांनी सरकून वाट दिली.

२ एप्रिल, बुधवार

गिऱ्हाईक परत यायला लागलं आहे. सेवा अशी: मी "बसा" म्हणतो आणि फडक्याकडे बघतो. डेंटिस्टनी काल चकती झाकली, मी दोन हात लांबून वळसा घालून गेलो. त्यांनी मान हलवली. महिन्याभरातली माझी पहिली शाबासकी.

पण सगळंच जमत नाही. काल घड्याळजींची चकती उभी दिसली म्हणून घाईघाईने एकाचा ग्लास उचलून तिथे नेला. तो माणूस मागोमाग आला, पण त्याची चकती झाकलेली होती ती मी बघितलीच नव्हती. दोघं वीस मिनिटं एकमेकांकडे बघत बसले. शेवटी तो रडायलाच लागला आणि घड्याळजींनी त्याला रुमाल दिला. आता रोज एकत्र बसतात. याला चूक म्हणायचं की काय, ते हिला विचारायला हवं.

फोनला मात्र पाचपासून रांग असते. कालच डेंटिस्ट कोपऱ्यात उभे राहून सांगत होते, "वहिनी, ऐका तर खरं, त्याने चुकीचाच ग्लास उचलला..." मला वाटलं त्यांच्या घरचं काही असेल. आपण दुसऱ्याच्या फोनकडे कान देऊ नये.

मेव्हणीकडे चौकशी केली. ही आता काठी घेऊन पॅसेजमध्ये पाच-पाच फेऱ्या मारते, कारण पाचच्या सुमाराला फोनपाशी तिला जागा पटकावायची असते. फिजिओवाली खूश आहे.

९ एप्रिल, बुधवार

हिचे रोज दोन फोन, दोन्ही वेळा शिव्या. फेस कमी करा, ग्लास तिरका धरा, नळ पुसा, टेलरबाईंना लिंबाची फोड विचारून नका देऊ, नुसती द्या. तिला इतकं बारीकसारीक कसं कळतं ते विचारलं, तर म्हणाली, "माझे डोळे आहेत तिथे." काहीतरी दैवी असावं.

जिमवाल्याने काल मिठाईचा पुडा दिला. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. खाऊन टाकली.

१५ एप्रिल, मंगळवार

कालचं सगळं लिहितो, नाहीतर विसरेन.

दुपारी चारला जिमवाला कागदपत्रं घेऊन हजर झाला. म्हणाला, काकूंनी दुसऱ्या आठवड्यातच बहिणीकरवी फोनवर हो कळवलं होतं, आज फक्त सही. मला खरंच वाटेना. दुसऱ्या आठवड्यात तर ही झोपलेली होती. मी काउंटर धरून उभा राहिलो. घड्याळजी, डेंटिस्ट, टेलरबाई सगळे होते, कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

सव्वाचारला रिक्षा थांबली. ही उतरली, काठी टेकत दारात आली आणि पहिलं वाक्य बोलली ते, "ही काच कुणी पुसली? पुसलीय का मळवलीय?"

मग आत. नळ बघितला, तो गळतोय. फडकं बघितलं, ते फेकून दिलं. काउंटरच्या आतल्या बाजूचा निघालेला रंग बघितला आणि माझ्याकडे बघितलं. एकेक गोष्ट काढत पुढे जात होती आणि काठी कधी काउंटरला लावून ठेवली ते तिलाही कळलं नाही. मला एवढं बोलून घेताना मी तिला पूर्वी कधी बघितलं नव्हतं, म्हणजे बोलणी खायचो, पण ग्लासात बघत. आता समोरून बघितलं. छान दिसत होती.

जिमवाला खाकरला. "काकू, सहीचं..."

"यांना जमलं का?" हिने सगळ्यांना विचारलं. डेंटिस्टनी जमिनीकडे बघितलं. ही म्हणाली, "जमलेलं नाही. साफ जमलेलं नाही. हे असं यांच्या हातात सोडून मी सही कशी करू? आधी मला हे निस्तरू द्या."

"पण जमलं नाही तर द्यायचं, असं तुम्हीच..."

"ते मी पडून असताना म्हटलं होतं. तुम्ही बसणार आहात का? बसणार असाल तर बसा, उभं राहून वाट अडवू नका."

तो बसला. एक बिअर प्यायला. फेस जास्त आहे म्हणाला, तर सगळे त्याच्यावर धावून गेले.

आज सकाळी आम्ही दोघं मागच्या दारी उन्हात रिकाम्या क्रेटवर बसलो होतो. वर चढताना काल प्रत्येक पायरीवर थांबून तिने माझी एकेक चूक सांगितली होती, त्यामुळे चुका संपल्या होत्या. मला वाटलं, आता दोघं गप्प बसणार. पण तीच बोलली.

"बहिणीकडे सगळं जागच्या जागी असतं हो. चमचेसुद्धा. चिडायला काही नाहीच तिथे. पहिले पंधरा दिवस मला वाटत होतं, आता उठून करायचंय काय? पडून राहिलं तरी चालेल."

म्हणजे ती झोपलेली नव्हती. मी इकडून फोन करून विश्रांतीचे सल्ले देत होतो, आणि ती भिंतीकडे तोंड करून जागी होती. मला असलं बोलता येत नाही, तरी बोललो.

"तू नव्हतीस तर मला एक दिवस करमलं नाही गं. फार भीती वाटली मला."

"ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," ही म्हणाली. "रोज पाचला कळायचं मला. सरका जरा, माझं ऊन अडवताय."

मी सरकलो.